शेपटी दिसेपर्यंत

"ताई, झालं का?"

"अजून नाही."

धाकटी कुशीवर निजली होती, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घेऊन. तिच्या पाठीमागे स्टुलावर बसलेले मेंदूचे डॉक्टर कमरेच्या मणक्यांमधली जागा अंगठ्यानं चाचपत होते. समोरून थोरलीनं तिला घट्ट कवेत धरलं होतं, एक हात मानेमागे आणि एक गुडघ्यांमागे. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असा नियम होता आणि नर्सनं तो एकदा सांगूनही पाहिला. पण थोरली याच इस्पितळाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत काम करता करता पिकली होती, तिला बाहेर काढणार कोण? नर्सनं पडदा ओढून घेतला आणि नियम पडद्याबाहेर राहिला.

"आता?"

"सुई आत गेलीय. आता पाणी यायचं."

"तू 'झालं' म्हण ना, खोटं खोटं. पूर्वी म्हणायचीस तसं."

"ते बंद केलंय मी. तूच बंद करायला लावलंस."

धाकटीला हसू फुटलं. डॉक्टर मागून म्हणाले, "हसू नका हो, पाठ हलते."

पाणी आलं. नितळ होतं, पण सावकाश येत होतं, हातचं राखून दिल्यासारखं. पहिल्या नळ्या पेशी मोजायला, साखर आणि प्रथिनं बघायला गेल्या. शेवटची नळी थोरलीच्या खोलीत यायची होती. ती जेमतेम तळ झाकेल इतकी भरली, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "पुरे. उगाच जास्त त्रास नको." नर्सनं नळीवर नंबर चिकटवला. तो वाचायचा नाही असं थोरलीनं घरूनच ठरवून आणलं होतं. ठरवून काय होतंय? डोळा तिकडे गेलाच.

"झालं," ती धाकटीच्या कानाशी म्हणाली. "आता खरंच झालं."

या सगळ्याची सुरुवात एका लाल दोऱ्यावरून झाली होती.

दोघी बहिणी राहायच्या त्या घराच्या खालीच धाकटीचं दोरे-बटणांचं दुकान होतं. शिंपी कापडाचा तुकडा घेऊन यायचे. ती तो उजेडाकडे धरून डावा डोळा मिटायची, नेम धरावा तशी उजव्यानं बघायची आणि रिळांच्या फळीवर हात टाकायची. हात टाकला की रंग जुळलाच. शिंपी म्हणायचे, बाईच्या डोळ्यात तराजू आहे. त्यात लाल रंगावर तिचा विशेष जीव. अख्खी एक फळी नुसत्या लालांची होती आणि परक्या माणसाला ते सगळे एकच लाल वाटले, तर ती त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघायची.

त्या महिन्यात घाऊक व्यापाऱ्याकडून लाल रिळांची पेटी आली ती विटकी निघाली. तिनं परत पाठवली. बदलून आली तीही विटकी. मग मात्र तिनं व्यापाऱ्याला फोनवर असा फैलावर घेतला की वरच्या मजल्यावर थोरलीच्या हातातला कप थांबला. "इतक्या वर्षांचा आपला व्यवहार, आणि मला तुम्ही दोरा म्हणून विटा विकता?" व्यापारी बिचारा गयावया करत होता की, बाई, रंग तोच आहे. मग तिचा संशय बल्बावर गेला. नवा बल्ब लावला. खिडकीच्या काचा पुसल्या. लाल काही सुधारेना.

एके दिवशी तिच्या उजव्या डोळ्यात दोऱ्याचा बारीक तंतू गेला. तो चोळत असताना हातातलं रीळ तिनं सहज डाव्या डोळ्यानं पाहिलं. लाल भडक, जसा हवा तसा. तिनं डोळा बदलला. वीट. पुन्हा बदलला. लाल. दुकान उघडं टाकून ती जिना चढून वर आली आणि दारातच म्हणाली, "ताई, माझा लाल अर्धाच राहिला गं."

"आणि डोळा हलवला की दुखतो?"

"तुला कसं कळलं?"

दुसऱ्या कुणी डोळ्यात औषध घालून झोप म्हटलं असतं. पण तिच्या खोलीत येणाऱ्या नळ्यांसोबत जी चिठ्ठी असते, तिच्यावर 'डोळ्याच्या नसेला सूज' हे शब्द तिनं इतक्यांदा वाचले होते की माणसं तिला माहीत नसली तरी आजार घरच्यासारखा माहीत होता. तो असा घरातच येईल, हे मात्र तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

मेंदूच्या डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं, "सूज उतरेल. रंगही बराचसा परत येईल, वेळ लागेल पण येईल. प्रश्न पुढचा आहे. काहींचं एवढ्यावर भागतं. काहींना तीच सूज पुन्हा येते, कधी दुसऱ्या डोळ्यात, कधी मेंदूत, कधी कण्यात. स्कॅनमध्ये एक ठिपका आहे, पण एकट्या ठिपक्यावरून काही ठरत नाही. कण्यातलं पाणी तपासू. त्यात पट्टे निघाले तर पुन्हा येण्याची भीती जास्त. मग वाट न बघता औषध सुरू करायचं. आधी सुरू केलं तर पुढचं बरंच टळतं."

"पट्टे म्हणजे हिचेच ना?" धाकटीनं थोरलीकडे बोट दाखवलं. "मग घरचंच काम आहे."

डॉक्टर हसले. थोरलीला हसता आलं नाही.

खरं तर पद्धत अशी होती की आपल्या माणसाचा नमुना आला तर तसं सांगायचं आणि बाजूला व्हायचं. सोबतचा माणूस तो सगळा चालवायचा. हा सोबतचा माणूस म्हणजे मास्तर. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. पण दिसेल त्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे, म्हणून ते मास्तर. दोघं त्या तळघरात एकमेकांशी भांडत भांडत म्हातारपणाला टेकली होती.

थोरलीनं मास्तरांना काही सांगितलं नाही. तिच्या मनाची समजूत अशी की आपल्या हातासारखा हात नाही. मास्तरांचा हात वाईट नव्हता, पण तो मास्तरांचा होता. ज्या पोरीला हातावर वाढवलं, तिचं पाणी दुसऱ्याच्या हाती द्यायचं? तिला ते जड गेलं. आणि मनाच्या अगदी तळाशी आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे ती बघत नव्हती.

काम तसं सांगायला सोपं होतं. काचेवर जेलचा पातळ थर ओतायचा, त्यावर एका माणसाचं कण्यातलं पाणी आणि त्याच माणसाच्या रक्तातलं पाणी शेजारी शेजारी ठेवायचं आणि वीज सोडायची. त्यातली प्रथिनं सरकत सरकत आपापल्या जागी जाऊन बसतात. ती कागदासारख्या पांढऱ्या पट्टीवर उतरवून घ्यायची, दिवसभर तिला धुवायचं, रसायनं पाजायची आणि शेवटी रंगाच्या ताटलीत सोडायचं. रक्ताच्या रांगेत नुसती धुरकट सावली पडली आणि पाण्याच्या रांगेत मात्र बारीक, स्वच्छ पट्टे उठले, तर समजायचं की शरीराचं सैन्य स्वतःच्याच घरात, डोक्याच्या आत ठाण मांडून बसलंय. रांग कोरी राहिली तर सुटलो.

दर खेपेला एक ओळखीचा नमुना सोबत चालवायचा, पट्टे हमखास असलेला. त्याचा शेवटचा पट्टा केसासारखा बारीक होता आणि सगळ्यांच्या मागून दिसायचा; पट्टी वाळली की पुन्हा दिसेनासाही व्हायचा. त्याला ती दोघं शेपटी म्हणत. शेपटी दिसल्याशिवाय पट्टी ताटलीतून उचलायची नाही. आधी उचलली तर ज्यांचे पट्टे फिके, ते कोरे दिसायचे. हा नियम थोरलीनंच घातला होता आणि नव्या लोकांनी तो मोडला की ती त्यांना दिवसभर फाडून खायची.

वाचायचीही एक रीत होती. आधी एकानं भिंगातून बघायचं, मग दुसऱ्यानं. बोलायचं मात्र कुणी नाही. मग समोरासमोर बसून हात पाठीमागे घ्यायचे आणि तीन म्हटलं की एकदम बोटं पुढे करायची. जितके पट्टे तितकी बोटं, पाचाच्या वर असतील तर पंजा आणि कोरं असेल तर मूठ. एकाचं बघून दुसऱ्यानं हो ला हो म्हणू नये, म्हणून हा पोरखेळ. बोटं जुळली तरच निकाल वर जाई. मास्तर दर वेळी पाठीमागे हात घेताना म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची." दर वेळी म्हणायचे. थोरलीनं त्यावर हसणं कधीच सोडून दिलं होतं.

घरीही त्या दोघी भांडी कुणी घासायची ते अशाच बोटांनी ठरवत. धाकटीनं थोरलीकडून ही एक गोष्ट मात्र मन लावून शिकून घेतली होती.

धाकटीला डोळ्यासाठी सलाइनमधून औषध चालू झालं, म्हणून ती वॉर्डातच होती. पट्ट्यांचा दिवस आला तेव्हा थोरली सकाळीच खाली उतरली. सगळं नेहमीसारखं केलं, उलट नेहमीपेक्षा जास्त निगुतीनं. एक थेंब सांडला नाही. तिच्या हाताला सगळं पाठ होतं आणि दिवसभर हातानं तिला दगा दिला नाही.

दुपार कलल्यावर पट्टी रंगाच्या ताटलीत गेली. मास्तर पलीकडे भांडी विसळत होते. थोरली ताटली हळूहळू हलवत उभी राहिली. आधी ओळखीच्या नमुन्याचा पहिला जाड पट्टा आला, मग दुसरा. बाकीच्या रांगांमध्ये अजून काही नव्हतं. धाकटीच्या रांगेतही काही नव्हतं. पांढरी, कोरी, देखणी रांग. आणि मग तिथे, ती टक लावून बघत असताना, काहीतरी आल्यासारखं वाटलं. पट्टा नव्हे. पट्टा येण्याआधी पांढरा रंग जरा थकतो ना, तेवढंच.

तिच्या हातानं चिमटा उचलला, पट्टी ताटलीतून काढली आणि पाण्यात टाकली.

शेपटी आली नव्हती. हे तिला माहीत होतं. पण आपण काय केलं ते आपल्यालाच सांगायला ती त्या क्षणी तयार नव्हती. तिनं पट्टी निथळवली, वाळवली, टेबलावर दिव्याखाली ठेवली आणि मास्तरांना हाक मारली. मास्तर बाकीच्या रांगांवरून भिंग फिरवत शेवटच्या रांगेपाशी आले.

"जरा फिकी वाटते आज," ते म्हणाले. "शेपटी आली होती ना?"

"हो. झालं ते," थोरली म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या स्वयंपाकापासून तिच्या चपलांपर्यंत सगळ्यात चुका काढल्या होत्या, पण पट्टीच्या बाबतीत तिचा शब्द त्यांना पुरे होता. ते समोर येऊन बसले, हात पाठीमागे घेतले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. चला. एक..."

थोरलीनं पाठीमागे मूठ वळली.

'झालं ते.' आपल्याच तोंडचा तो शब्द तिच्या कानात बसला. धाकटी लहान असताना टोचून घ्यायला नेली की ती थोरलीच्या पोटात तोंड खुपसायची आणि विचारायची, ताई, झालं का? थोरली सुई टोचायच्या आधीच 'झालं' म्हणायची. पोर अंग सैल सोडायची आणि सुई सुखानं आत जायची. मग आई आजारी पडली. आईच्या खोलीबाहेरच्या बाकावर पोरीनं विचारलं, आई बरी झाली का? आणि थोरली त्याच सवयीनं म्हणाली, झाली, चल घरी. पोर उड्या मारत घरी गेली आणि आई तिला पुन्हा दिसली नाही. पुढे कितीतरी दिवस ती थोरलीशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली की, झालं नसेल तर 'झालं' म्हणायचं नाही. त्या दिवसापासून थोरलीनं ते पाळलं होतं. आजपर्यंत.

"...दोन..."

"थांबा, मास्तर."

मास्तर थांबले.

"मी पट्टी लवकर काढली. शेपटी आली नव्हती. मी खोटं सांगितलं तुम्हाला."

मास्तरांनी पाठीमागचे हात पुढे आणून मांडीवर ठेवले. चूक दुरुस्त करायची एवढी मोठी संधी त्यांना जन्मात मिळाली नसेल. त्यांनी ती घेतली नाही. पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"पाणी उरलंय का नळीत?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या नमुन्याचं एकाच खेपेपुरतं. तेही चुकलं तर पुन्हा सुई घालावी लागेल तिला..." ती बोलता बोलता अडली.

"तिला," मास्तर हळूच म्हणाले. "नंबर कुणाचा ते मला ठाऊक नाही बाई, पण तुमचा हात ठाऊक आहे. त्याला घाई कशी ती माहीतच नाही. आज घाई झाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "सव्वा लाखाची मूठ आहे. उद्या उघडू."

ती वॉर्डात गेली तेव्हा धाकटी पडल्या पडल्या शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला बटण कसं लावायचं ते तोंडी शिकवत होती. औषधानं तिला भूकही सुटली होती आणि तोंडही सुटलं होतं.

"आले का गं पट्टे?"

"उद्या कळेल."

"आज म्हणाली होतीस."

"आज चुकलं माझं. उद्या परत करायचंय."

"तुझं? पट्टीत?" धाकटी कोपरावर उठली, तशी तिच्या डोक्यात कळ आली आणि ती पुन्हा उशीवर पडली. पाणी काढल्यापासून उठलं की डोकं ठणकायचं. तिनं मान थोरलीकडे वळवली. मग म्हणाली, "घाबरलीस ना?"

थोरली उशीची खोळ सारखी करत बसली.

"अगं, पट्टे असायचे तर आत्ताही आहेतच. तू बघितल्यानं येणार नाहीत आणि नाही बघितलंस म्हणून जाणार नाहीत. मला फक्त आधी कळलं पाहिजे. मागच्यासारखं मागून नको."

आईचं नाव दोघींपैकी कुणीही घेतलं नाही. थोरलीनं तिच्या पायांवरचं पांघरूण ओढून नीट केलं. पाय गार होते, ते तिनं हातात धरले. लहानपणीही या पोरीचे पाय असेच गार पडायचे.

"आणि डोळ्यानं दगा दिलाच," धाकटी म्हणाली, "तर लाल बंद. नुसते पांढरे नि काळे दोरे विकेन. व्यापारीपण सुटेल बिचारा."

"त्याची माफी माग आधी."

"मागितली. सकाळीच फोन केला. म्हटलं, दोरा तुमचा चांगला होता, वीट माझ्याच डोळ्यात होती. रडला हो तो फोनवर. इतका भला माणूस, आणि मी त्याला काय काय बोलले."

मग दोघीही हसल्या आणि हसता हसता थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते तिनं पदरानं पुसलं नाही, लपवलं नाही. धाकटीनंही बघून न बघितल्यासारखं केलं नाही. तिनं हात लांब करून बहिणीचा गाल पुसला आणि म्हणाली, "जा आता घरी. जेव नीट. उद्या तुला हात लागणार आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला घरी सोडलं. खालच्या खोलीत मास्तर आधीच येऊन बसले होते.

"मी करतो सगळं," ते म्हणाले. "तुम्ही बाहेर बाकावर बसा. रीत तशीच आहे."

"रीत तशीच आहे, आणि ती मी मोडली. नमुना माझ्या बहिणीचा आहे," थोरली म्हणाली. जे पहिल्या दिवशी सांगायचं ते तिनं आज सांगितलं. "हात तुमचा चालू दे. मी नुसती बघेन. बाकावर मला बसवणार नाही."

मास्तरांनी दिवसभर काम केलं आणि त्या दिवशी त्यांचा हात तिला आवडला. जरा जड होता, पण प्रामाणिक होता. नळीचा तळ कोरडा झाला. दुपारी पट्टी ताटलीत गेली. मास्तर ताटली हलवत होते. थोरली शेजारी हाताची घडी घालून उभी होती.

ओळखीचा पहिला पट्टा आला. दुसरा आला. काल जिथे पांढरा रंग नुसता थकल्यासारखा झाला होता, तिथे आज एक रेघ उठली. शेजारी दुसरी उठली. शेजारची रक्ताची रांग धुरकट, निरागस राहिली आणि पाण्याच्या रांगेत रेघा येतच राहिल्या, बारीक, स्वच्छ, एकीमागून एक. एखाद्या परक्या माणसाची रांग असती तर थोरली म्हणाली असती, काय सुंदर चाललीय आज पट्टी. तिचे हात घडीतून सुटायला बघत होते. तिनं ते सुटू दिले नाहीत.

"काढायची?" मास्तरांनी विचारलं.

"शेपटी?"

"अजून नाही."

"मग थांबा."

ती दोघं थांबली. सगळ्यात शेवटी, केसासारखी, शेपटी आली. तेव्हा मास्तरांनी पट्टी उचलली.

भिंगातून बघून झाल्यावर ती दोघं समोरासमोर बसली. मास्तरांनी हात पाठीमागे घेतले. मुठीचं वाक्य आज ते बोलले नाहीत. "एक, दोन, तीन." दोन पंजे पुढे आले. मास्तरांनी आपला पंजा लगेच मागे घेतला नाही. पुढे करून तो तिच्या हातावर ठेवला, जरा वेळ ठेवला आणि मग निकाल द्यायला वर गेले.

डॉक्टरांनी निरोप धाडला की उद्या सकाळी दोघींना भेटतो, औषधाचं ठरवू.

संध्याकाळी थोरली घरी आली तेव्हा दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. धाकटी गल्ल्यामागे भिंतीला डोकं टेकून बसली होती. समोर एक शिंपी टाकून गेलेला लाल कापडाचा तुकडा पडला होता.

"तुला निजून राहायला सांगितलंय ना?"

"निजूनच होते. आत्ता उतरले. किती निघाले?"

"डॉक्टर उद्या सकाळी..."

"डॉक्टर उद्या. तू आत्ता. घे हात मागे."

थोरलीनं पिशवी खाली ठेवली. हात मागे घेतले. धाकटीनंही घेतले.

"एक, दोन, तीन."

थोरलीचा पंजा पुढे आला. समोर धाकटीचाही पंजा होता.

"मला वाटलंच होतं," धाकटी म्हणाली. पंजा तिनं तसाच पुढे धरला होता. "काल तू उशीची खोळ सारखी करत बसलीस ना, तेव्हाच. जुळलं आपलं."

थोरलीनं तिचा हात धरला. बोटं तशीच गार होती. "औषध आहे," ती म्हणाली. "लवकर कळलंय. लवकर कळलं की खूप टळतं. खरं सांगतेय."

"माहितीय. तू खरंच सांगतेस." धाकटीनं नाक ओढलं. "म्हणजे झालं नाही म्हणायचं."

"नाही. अजून नाही."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग धाकटीनं हात सोडवून घेतला, डोळे पुसले आणि लाल तुकडा ओढून घेतला.

"हा माणूस सकाळी दोरा न्यायला येणार आहे. मला वर चढवत नाही. तू रिळं काढ, मी बघते."

"डाव्यानं बघ. तो चांगला आहे."

"डाव्यानं कुणीही बघेल," असं म्हणून धाकटीनं नेहमीसारखा डावा डोळा मिटला आणि उजवा कापडावर लावला.

थोरली स्टुलावर चढली. लालांच्या फळीच्या एका टोकापासून तिनं सुरुवात केली. तिला ते सगळे एकच लाल वाटत आले होते. पहिलं रीळ काढून तिनं दिव्याखाली धरलं.

"हा?"

"अजून नाही."

तिनं ते जागेवर ठेवलं, शेजारचं काढलं.

"हा?"

धाकटीनं मान पुढे काढली, कपाळाला आठी घातली, बराच वेळ बघितलं.

"अजून नाही गं, ताई. पण धर जरा तसंच."

थोरली हात उंच करून, रीळ दिव्याखाली धरून उभी राहिली.